पावसाळा आला की आरसीसीबी पडते, आणि कुठल्या सर्किटमुळे पडते ते सापडत नाही

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आत्याच्या घरी गेली तीन वर्षं एकच रड. जुलै लागला, भिंतींना ओल धरली, की मेनशेजारची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताना दिसला की वीज तोडणारा स्विच, पडायला लागते: खटका खाली येतो आणि घरातली वीज जाते. सकाळी नळाला पाणी आलं आणि मोटर चालू केली की पडते. संध्याकाळी दिवेलागणीला पडते. दुपारी घर शांत असतं तेव्हा मात्र कधी नाही. नवरात्र येईपर्यंत प्रकार आपोआप थांबतो, आणि थांबला की सगळे विसरतात. पुढच्या जुलैत परत.

या तीन वर्षांत दोन आरसीसीबी बदलून झाल्या. पाण्याची मोटर सोडवून तिचं वाइंडिंग करून आणलं, तेही फुकट गेलं. नेहमीचा वायरमन यायचा, टेस्टर लावायचा आणि शेवटी म्हणायचा, "माजी, आ तो आरसीसीबी ज वीक थई गई छे, बदली नाखो." गेल्या पावसाळ्यात चौथ्यांदा बोलावल्यावर त्यानं बहुधा कंटाळून कायमचा इलाज केला. आत्या मला कौतुकानं सांगत होती, "बघ हो, त्यानंतर एकदाही पडली नाही!"

मी टेस्टचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. डीबीचं, म्हणजे एमसीबींच्या पेटीचं, कव्हर काढलं तर आरसीसीबी रेलवर दिमाखात बसलेली, खटका वर, आणि तिला एकही वायर जोडलेली नाही. मेनमधून निघालेल्या वायरी थेट बसबारला आणि न्यूट्रल लिंकला, म्हणजे पुढं फेज आणि न्यूट्रल वाटणाऱ्या पट्ट्यांना, नेलेल्या. एवढं वर्षभर त्या घरात ओल्या हातानं वॉशिंग मशीन चालत होतं.

मी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, म्हणून नात्यात कुणाचं काही बंद पडलं की फोन मला येतो. कारखान्यात निदान ड्रॉइंग असतं. घराच्या वायरिंगचं ड्रॉइंग ज्यानं काम केलं त्याच्या डोक्यात असतं, आणि तो माणूस एव्हाना आणंदला राहायला गेलेला असतो. तरी हा दोष पकडण्याची एक रीत आहे. ती इथं लिहून ठेवतो, कारण याच तक्रारीचे दर पावसाळ्यात मला तीन-चार फोन येतात.

आधी आरसीसीबी पाहते काय ते. तिच्या पोटात एक रिंग असते आणि फेज, न्यूट्रल दोन्ही त्या रिंगमधून जातात. फेजनं जेवढा करंट आत गेला तेवढा न्यूट्रलनं परत आला की रिंग गप्प. परत येताना कमी पडला, म्हणजे कुठंतरी ओल्या भिंतीत, अर्थच्या वायरीत किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, की रिंगला फरक कळतो आणि खटका सुटतो. घरासाठी हा फरक ३० मिलीअँपिअरचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही घरगुती जोडणीला हीच कमाल मर्यादा दिली आहे. आयएस १२६४० या भारतीय मानकाप्रमाणे १५ ते ३० मिलीअँपिअरच्या मधे कुठंही पडली तरी ती बरोबरच वागली, आणि ३० ला तिनं ०.३ सेकंदाच्या आत पडलंच पाहिजे. हाताच्या मुठीतून साधारण १० मिलीअँपिअर जायला लागले की मूठ सुटत नाही, म्हणून नुसता ३० चा आकडा पुरत नाही, तिनं तितक्याच झटकन पडावंही लागतं.

एमसीबी वेगळी. ती वायर जळू नये म्हणून असते. १६ अँपिअरच्या एमसीबीला ३० मिलीअँपिअर गळालेले समजतसुद्धा नाहीत. उलट नुसत्या आरसीसीबीला ओव्हरलोड समजत नाही. त्यामुळे दोन्ही लागतात, आणि "आमच्याकडे एमसीबी आहे ना, मग ही कशाला" या वाक्याला अर्थ नाही.

तर पहिलं काम म्हणजे मी नवी आरसीसीबी लावली. ४० अँपिअर, दोन पोल, ३० मिलीअँपिअर. आत्या नाराज. संध्याकाळी साडेसातला ती पडली तेव्हा "आणलीस ना पुन्हा कटकट!" असं ऐकून घेतलं.

आता शोध.

सुरुवात सोपी आहे. घरातलं प्रत्येक उपकरण सॉकेटमधून काढा. काढा म्हणजे प्लग ओढून बाहेर काढा. बटण बंद करणं पुरत नाही, कारण बोर्डावरचं बटण फक्त फेज तोडतं. उपकरणाचा न्यूट्रल आणि अर्थ तसेच जोडलेले राहतात. सगळं काढल्यावर आरसीसीबी दिवसभर टिकली आणि एखादंच उपकरण लावल्यावर पडली तर गुन्हेगार तेच, विषय संपला. इस्त्रीची वायर, मिक्सर, कूलरचा पंप, जुना फ्रीज, हे नेहमीचे संशयित. आत्याकडे सगळे प्लग काढूनही मोटर लावली की पडायची. मोटर थेट जोडलेली असल्यामुळे सगळ्यांचं बोट तिच्याकडे गेलं होतं, ते काही अगदी चुकीचं नव्हतं.

मग सगळ्या एमसीबी खाली करून एकेक वर करायची. इथं बहुतेक लोक, आणि बरेच वायरमनही, फसतात. ज्या एमसीबीला आरसीसीबी पडली तेच सर्किट खराब असं धरतात. मी मोटरची एमसीबी वर केली, आरसीसीबी पडली. ठीक. मोटरची खाली ठेवून स्वयंपाकघराची वर केली आणि तिथं हजार वॅटची इस्त्री लावली. पुन्हा पडली. स्वयंपाकघर बंद करून पुढच्या खोलीत तीच इस्त्री लावली. पडली. मात्र दोन पंखे आणि चार दिवे लावले की कुठल्याही सर्किटवर टिकून राहत होती.

म्हणजे सर्किट कोणतं याला काही महत्त्व नव्हतं. लोड किती एवढंच तिला दिसत होतं. असं दिसलं की फेज सोडा आणि न्यूट्रलच्या मागे लागा.

कारण असं. डीबीतल्या बहुतेक एमसीबी सिंगल पोल असतात. त्या खाली केल्या तरी फेजच तुटतो. सगळ्या सर्किटांचे न्यूट्रल खालच्या पितळी पट्टीवर, म्हणजे न्यूट्रल लिंकवर, एकत्र बांधलेलेच राहतात. त्यातल्या एका न्यूट्रलची वायर भिंतीत कुठंतरी अर्थला टेकली असेल, तर त्या सर्किटची एमसीबी खाली असो की वर, ती टेकलेलीच असते. दुसऱ्या कुठल्याही सर्किटवर इस्त्री लावा, इस्त्रीचा परतीचा करंट लिंकवर येतो आणि तिथं त्याला दोन वाटा दिसतात. एक आरसीसीबीतून खांबाकडे, दुसरी त्या टेकलेल्या जागेतून घराच्या अर्थिंगकडे. थोडा करंट दुसऱ्या वाटेनं गेला की रिंगचा हिशेब चुकला.

किती थोडा लागतो बघा. खांबापासून घरापर्यंतच्या न्यूट्रलमध्ये मोठ्या लोडला तीनेक व्होल्ट पडतात असं धरू. टेकलेली जागा आणि अर्थिंगचा खड्डा मिळून ६० ओहम असतील, तर ३ भागिले ६० म्हणजे ५० मिलीअँपिअर. आरसीसीबी गेली. दोन पंख्यांवर तेच व्होल्टेज अर्ध्यावर्ध्या व्होल्टाचं, म्हणून तेव्हा टिकते. संध्याकाळी आख्ख्या गल्लीचा लोड वाढतो, खांबावरचा न्यूट्रलच दोन-तीन व्होल्टांनी वर उचलला जातो, म्हणून दिवेलागणीला पडते. दुपारचं कोडं असं सुटलं.

आणि टेस्टरला हे कधीच दिसणार नाही. दोन-तीन व्होल्टांवर टेस्टरचा निऑन लागत नाही. तो वायरमन प्रामाणिकपणे टेस्टर लावत होता आणि टेस्टर प्रामाणिकपणे काही सांगत नव्हता.

पुढचं काम अंगावर घेण्याआधी एक स्पष्ट सांगतो. डीबी उघडून न्यूट्रल सोडवणं हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं काम आहे. तुम्ही शेजारी उभं राहून हे वाचून दाखवा हवं तर. मेन स्विच बंद, मेनमधून घराकडे निघणाऱ्या बाजूला मल्टीमीटर लावून फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ तिन्ही शून्य आहेत हे बघणं, आणि घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद. इन्व्हर्टर विसरणारे लोक मी पाहिले आहेत. मेन बंद केल्यावर तो उलट चालू होतो.

न्यूट्रल लिंकवर सात काळ्या वायरी होत्या. एकीलाही खूण नाही. एकेक सोडवून, पांढऱ्या टेपचा तुकडा लावून नंबर टाकला, आणि प्रत्येकीचं अर्थ लिंकशी मोजमाप घेतलं. त्यासाठी मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, ५०० व्होल्टचा. त्याआधी त्या सर्किटवरचे एलईडी दिवे, पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, मोबाइलचे चार्जर, सगळं काढून ठेवा, नाहीतर मेगरचे ५०० व्होल्ट त्यांच्या पोटात जातात. आरसीसीबीही सोडवून वेगळी ठेवा. नव्या वायरिंगमध्ये मेगरचा आकडा पन्नास-शंभर मेगओहमच्या घरात यायला हवा. जुन्या वायरिंगमध्येही एक मेगओहमच्या खाली जाता कामा नये. ही एक मेगओहमची अट आपल्याकडे १९५६ च्या विजेच्या नियमांपासून चालत आली आहे.

सहा वायरींचे आकडे बरे आले. मागच्या मोरीचा जरा कमी, साडेतीन, पण चालण्यासारखा. सातवीला मेगरचं बटण दाबलं तर आकडा शून्यावरून हललाच नाही. मल्टीमीटर लावला तर ४० ओहम. ही वायर जिन्याच्या दिव्यांची. एकूण तीन दिवे आणि गच्चीवरचा एक, सगळे मिळून पन्नास वॅटसुद्धा नाहीत. या सर्किटवर तीन वर्षांत कुणी नजर टाकली नव्हती.

जागा शोधताना टोकापासून सुरुवात करू नका, मधला बॉक्स उघडा. तिथं वायर वेगळी करा, दोन्ही बाजू मोजा, खराब बाजूचा पुन्हा मध्य घ्या. पाच बॉक्स असतील तर दोन-तीन वेळा उघडून काम होतं. आमचा निघाला गच्चीच्या दारालगतचा, जिन्याच्या शेवटच्या वळणावरचा.

लोखंडी बॉक्स होता. झाकणाच्या दोन स्क्रूंपैकी एकच जागेवर. झाकण ओढलं तर आत पालीची दोन फुटकी अंडी, थोडी माती, आणि तळाला गंजाचा पापुद्रा, बोट लावलं की सुटणारा. न्यूट्रलच्या तीन वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळलेली होती. ती टेप सुटून उंदराच्या शेपटीसारखी लोंबत होती, डिंक पाघळून बोटांना चिकटत होता. आतलं तांबं पार हिरवं. आणि तो हिरवा पीळ बॉक्सच्या पाठीला, गंजात, रुतून बसलेला. त्याच बॉक्सला अर्थची वायर मात्र अगदी शिस्तीत स्क्रूनं आवळलेली. ज्यानं अर्थिंग केलं त्याचं काम चोख होतं, म्हणून तर गळती आरसीसीबीला कळली.

पाणी कुठून येत होतं? गच्चीवर पूर्वी टीव्हीचा अँटेना होता. त्याच्यासाठी काढलेल्या पाइपचं तोंड आकाशाकडे उघडं. अँटेना गेला, पाइप राहिला. दर पावसाळ्यात तो पन्हाळीसारखा पाणी गोळा करून बॉक्समध्ये ओतत होता.

दुरुस्तीला दोन तास लागले. पाइपच्या तोंडाला बेंड लावून ते खाली वळवलं आणि सीलंट भरलं. लोखंडी बॉक्स काढून रबरी गॅस्केटचा आयपी ६५ चा, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न घेणारा, प्लास्टिक बॉक्स बसवला, वायरी खालच्या बाजूनं आत घेतल्या. कडक झालेल्या वायरी कापून टाकल्या आणि त्या टप्प्यात दीड चौरस मिलिमीटरची नवी वायर ओढली. जोड लिव्हरवाल्या कनेक्टरमध्ये. भिंतीतल्या जोडावर नुसती टेप हा आपल्याकडचा सगळ्यात महागात पडणारा स्वस्त माल आहे. टेप कोरड्या जागी चार-पाच वर्षं काढते, ओल्या जागी दोनही नाही. उत्तम म्हणजे पाइपात जोडच नको. एका बोर्डापासून दुसऱ्या बोर्डापर्यंत वायर अखंड ओढावी आणि लूपिंग, म्हणजे पुढची वायर जोडून नेणं, बोर्डातच करावं. आयएस ७३२, म्हणजे वायरिंगची आपली मानक संहिता, जोड उघडून तपासता येईल अशाच जागी ठेवायला सांगते.

वायर आणायला गेलो तेव्हाचं जरा सांगतो. दुकानदारानं काउंटरवर दोन गुंडाळ्या ठेवल्या. एकीवर दर थोड्या अंतरानं छापलेलं: आयएस ६९४, मानक चिन्ह, आकार, एफआर (म्हणजे आग पसरू न देणारी). दुसरीवर नुसतं नाव आणि किंमत निम्म्याला जवळ. "बेऊ सरखी ज छे," म्हणाला. सारखी नव्हती. वजन हातात घेतलं तरी कळत होतं. कमी तांबं म्हणजे जास्त रोध, जास्त रोध म्हणजे लोड आला की वायर गरम, आणि साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. १९७४ साली सुरू झालेली एर्डा ही विजेच्या सामानाची चाचणी आणि संशोधन संस्था मकरपुऱ्यातच आहे, तिथं देशभरच्या केबल आणि स्विचगिअर तपासायला येतात. ट्रान्सफॉर्मर आणि केबलवाल्यांच्या या गावात राहून घरात बिनछापाची वायर घालणं याला काय म्हणावं! गुंडाळी ९० मीटरची असते; कुठं ८० चीही खपवतात, तेही बघून घ्या.

आकाराबद्दल थोडक्यात. दिवे-पंख्यांना दीड, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीच, एसी आणि गिझरला चार. एमसीबी नेहमी वायरीच्या मापानं: दीडवर ६ किंवा १०, अडीचवर १६, फार तर २०. "१६ ची सारखी पडते म्हणून ३२ ची टाकली" असं कुणी सांगितलं तर त्यानं वायरीलाच फ्यूज केलं असं समजा. आत्याच्या मागच्या भागात अजून लाकडी पट्टीवरची, क्लिपा मारलेली जुनी ॲल्युमिनियमची वायर आहे. तिला कुणीतरी तांब्याची वायर पिळून जोडली होती. तांबं आणि ॲल्युमिनियम ओलीत एकत्र आले की ॲल्युमिनियम कुरतडलं जातं, जोड ढिला होतो, गरम होतो. तो जोड मी सोडवला आणि तिथलं सॉकेट तूर्त बंद करून टाकलं.

अर्थिंग तपासलं का, हा प्रश्न नेहमी येतो. आणि त्यावर नेहमीचं उत्तर: "हो, बल्ब लावून बघितला, फुल्ल लागला." फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावायची ही जुनी पद्धत. मुळात आरसीसीबी असलेल्या घरात बल्ब लावताच ती पडते. आणि आरसीसीबी नसली तरी या बल्बवर विश्वास ठेवू नका. शंभर वॅटच्या पेटलेल्या बल्बचा स्वतःचा रोध साधारण ५३० ओहम. अर्थिंगचा खड्डा सुकून ५० ओहमवर गेलेला असला तरी बल्बला २३० पैकी २१० व्होल्ट मिळतात. डोळ्याला तो पूर्णच पेटलेला दिसतो. पण त्याच खड्ड्यावर फ्रीजच्या पत्र्याला फेज लागला तर करंट येणार २३० भागिले ५०, म्हणजे साडेचार अँपिअर. १६ ची एमसीबी जन्मात पडणार नाही, आणि फ्रीजचा पत्रा जिवंत राहील. म्हणून खड्डा अर्थ टेस्टरनं मोजायचा, तोही उन्हाळ्यात, माती सगळ्यात सुकलेली असताना. आत्याकडे पाऊस असताना ६ ओहम आला. मेमध्ये परत मोजणार आहे.

अर्थिंग बरं नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देणारे महाभाग आहेत. आरसीसीबी असेल तर ती क्षणात पडते, म्हणजे आपण आत्ता जो दोष तीन वर्षांनी शोधला तो त्यांनी हातानं तयार केला. आरसीसीबी नसेल तर आणखी वाईट. बाहेरचा न्यूट्रल खांबावर तुटला की घरातल्या प्रत्येक उपकरणाच्या पत्र्यावर फेज येतो.

इन्व्हर्टर असलेल्या घरांत वेगळाच घोळ असतो आणि तो पावसाळ्यावर अवलंबून नसतो. इन्व्हर्टर नंतर बसवतात. बसवणारा फेज नवीन ओढतो आणि न्यूट्रल जवळ जो सापडेल तो घेतो. मग इन्व्हर्टरवरच्या पंख्याचा करंट आरसीसीबीतून न जाता आत येतो आणि आरसीसीबीमार्गे बाहेर जातो, किंवा त्याच्या उलट. नवी आरसीसीबी लावली आणि पहिल्याच मिनिटाला, कोरड्या हवेत, पंख्याच्या बटणाला पडत असेल तर गळती शोधू नका, न्यूट्रलची अदलाबदल शोधा. इन्व्हर्टरच्या सर्किटांना लिंकही स्वतंत्र हवी.

विश्वामित्रीकाठच्या लोकांसाठी मात्र वरचं काहीच पुरेसं नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरात ज्यांच्या तळमजल्यात पाणी शिरलं त्यांनी पाणी ओसरल्यावर नुसतं वाळवून मेन वर केली, आणि त्यातल्या काहींना पुढचा पूर्ण पावसाळा हाच त्रास झाला. नदीचं पाणी म्हणजे गाळ आणि क्षार. पाइपात शिरलेलं पाणी वाळतं, क्षार तिथंच राहतात, आणि पुढच्या दमट दिवशी तेच क्षार ओल धरून गळतीची वाट तयार करतात. पाण्याखाली गेलेले सॉकेट, स्विच, एमसीबी, आरसीसीबी सगळे बदलायचे. हेअर ड्रायरनं वाळवलेली एमसीबी वर होते, खाली होते, दिसायला ठणठणीत असते. शॉर्ट झाल्यावर ती पडेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. वायर बदलायची की नाही ते मेगर सांगेल, पण मोजमाप एकदा लगेच आणि एकदा महिन्यानं घ्या. आणि पुन्हा बोर्ड बसवताना मागच्या पुराच्या खुणेच्या वर बसवा. प्लास्टरवरची ती मातकट रेघ पुसण्याआधी तिच्यावर पेन्सिलीनं खूण करून ठेवा.

आत्याच्या डीबीत मी आणखी एक बदल केला. गच्ची-जिना आणि मागचा जुना भाग यांना मिळून वेगळी आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) दिली, तिचा न्यूट्रलही वेगळा. त्यामुळे तिकडं काही झालं तरी पुढचं घर अंधारात जात नाही, आणि फ्रीज चालू राहतो. आत्याला बाकी कशापेक्षा हेच पटलं. डीबीच्या दाराच्या आत सातही सर्किटांची नावं लिहिलेला कागद चिकटवला आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला टेस्ट बटण दाबायचं हेही त्यावर आहे. एवढं मात्र लक्षात असू द्या की टेस्ट बटण फक्त आरसीसीबीचा खटका चालतो एवढंच सांगतं. ते दाबल्यावर करंट आतल्या आत रोधातून फिरतो, अर्थिंगचा त्याच्याशी संबंध नाही. अर्थिंग मुळातच नसलं तरी बटण पास होतं.

सप्टेंबर, ऑक्टोबर गेले, काही पडलं नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी फोन. "पडली रे पुन्हा!" यावेळी पाऊस नव्हता, लोड तर नाहीच. नुसती गिझरची एमसीबी वर केली आणि पडली, दुसरं कुठलंही सर्किट लावलं तर टिकत होती. म्हणजे यावेळी ज्याच्यावर संशय होता तोच गुन्हेगार निघाला. गिझरच्या एलिमेंटच्या आत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. आठ महिने गिझर बंद राहिला, एलिमेंटच्या टोकाचं सील गेलेलं असलं, की ती भुकटी हवेतली ओल शोषते आणि फेज पत्र्याकडे झिरपायला लागतो. एलिमेंट बदललं. जुनं आत्यानं भंगारवाल्याला दिलं, तांब्याचं आहे म्हणून भाव करून.